९८२१ची तीनदा मोडलेली सोयरीक

२००१ साली व्यापारविषयक बातम्यांमध्ये 'बटाटा' हा शब्द अगदी गंभीर चेहऱ्याने वापरला जात होता. बिर्ला, एटी अँड टी आणि टाटा या तिघांची मिळून एक मोबाइल कंपनी झाली होती. तिचं कागदोपत्री नाव बिर्ला टाटा एटी अँड टी लिमिटेड. इंग्रजी आद्याक्षरं एकाला एक जोडली की बटाटा तयार होतो, आणि एवढं लांबलचक नाव रोज लिहायचा कंटाळा कुणालाही येणारच. तर बटाट्याची बीपीएलशी सोयरीक जमते आहे, ही त्या वर्षातली मोठी चर्चा होती. दिल्ली-मुंबईतल्या ज्या गंभीर लोकांनी हा शब्द वापरला, त्यांच्यापैकी कितीजणांना मराठी येत होतं कोण जाणे. आमच्याकडे अजून हसू येतं.

मी तेव्हा सांगलीत बालवाडीत होतो, त्यामुळे ही चर्चा मी ऐकलेली नाही, वाचलेली आहे. इंजिनिअरिंगनंतर पुण्यात पहिली नोकरी लागली ती टेलिकॉम कंपन्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत. तिथे नंबरांच्या मालिका, नेटवर्कचे कोड, सर्कलच्या सीमा हे सगळं पाठ करावं लागलं. पाठ करता करता लक्षात आलं, की हे कोड म्हणजे शिलालेखांसारखे आहेत. कंपनीचं नाव तीनदा बदललं, मालक चारदा बदलले, तरी कोड तोच. मग मी जुन्या बातम्या आणि कंपन्यांनी शेअर बाजाराला पाठवलेली खुलाशाची पत्रं वाचायला लागलो, आणि त्याचा नादच लागला. त्यातल्या सगळ्यात जास्त बातम्या कशाबद्दल असाव्यात? कोण कोणाला विकत घेणार, कोण कोणात विलीन होणार. यातल्या बहुतेक वावड्याच निघाल्या.

वावड्या म्हणून त्या सोडून द्याव्यात असं मात्र मला वाटत नाही. या देशात मोबाइल आला त्याला तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत अफवेचं कामच बदललं. आधी ती शेअर हलवायची, नंतर ती माणसं हलवायला लागली. हे कसं झालं ते एका नेटवर्कच्या गोष्टीतून नीट दिसतं: मुंबईचं ९८२१.

नंबरांपासूनच सुरुवात करू. १९९४ च्या धोरणानंतर सरकारने मोबाइलसाठी देशाचे तुकडे पाडले. या तुकड्याला सर्कल म्हणतात. आज ती २२ आहेत. मुंबईचं सर्कल वेगळं, त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याणपर्यंतचा पट्टा. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. प्रत्येक सर्कलमध्ये सुरुवातीला दोनच खाजगी कंपन्या. मुंबईत हचिसन मॅक्सचं 'मॅक्स टच' आणि 'बीपीएल मोबाइल'. उरलेल्या महाराष्ट्रात 'बिर्ला एटी अँड टी' आणि 'बीपीएल यूएस वेस्ट'. मॅक्स टचचे नंबर ९८२० ने सुरू व्हायचे, मुंबईच्या बीपीएलचे ९८२१ ने, बिर्लांचे ९८२२ ने आणि उरलेल्या महाराष्ट्रातल्या बीपीएलचे ९८२३ ने. चार सख्खे शेजारी.

मुंबईत ९८२० किंवा ९८२१ असणं म्हणजे तुम्ही जुने, पहिल्या लाटेतले. इनकमिंगलाही पैसे पडत तेव्हापासूनचे. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर असलेला तो काळ आहे. आमच्या घरात बाबांचा नंबर ९८२३ चा. पडद्यावर आधी बीपीएल यायचं, मग हच, मग व्होडाफोन, आता व्ही. बाबा अजूनही रिचार्ज करायला जाताना "हचवाल्याकडे जाऊन येतो" म्हणतात. दुकानदाराला कळतं.

आता पहिली सोयरीक. २००१ मध्ये बटाटा आणि बीपीएल यांनी एकत्र यायचं ठरवल्याचं जाहीर केलं. नकाशा काढून बघितला तर जोडी छान होती. बटाट्याकडे महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, आणि त्याच सुमाराला आलेला मध्य प्रदेश. बीपीएलकडे मुंबई, महाराष्ट्र, केरळ, तमिळनाडू. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याचा जवळजवळ सलग पट्टा एका नेटवर्कखाली आला असता. पण नकाशातच पहिली अडचणही दिसते. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रात या दोघांचीच लायसन्स होती. सर्कलमध्ये दोनच खेळाडू, आणि तेच एक झाले तर स्पर्धा कुणाशी? एकाच सर्कलमधल्या दोन कंपन्यांनी विलीन व्हायचं तर काय नियम, हे सरकारने २००४ साली ठरवलं. २००१ मध्ये यावर उत्तरच नव्हतं.

दुसरी अडचण माणसांची. बिर्ला, टाटा, एटी अँड टी आणि बीपीएलचे राजीव चंद्रशेखर. एका घरात चार कारभारी. त्यात टाटांचा एक पाय दुसऱ्या होडीत होता, कारण टाटा टेलिसर्व्हिसेस ही त्यांची स्वतःची कंपनी सीडीएमए तंत्रज्ञान घेऊन याच बाजारात उतरत होती. बोलणी फिसकटली. २००२ मध्ये बटाट्याने नाव बदलून 'आयडिया' घेतलं आणि एक मजेदार शब्द भाषेतून गेला. पुढे बटाट्याचेच तुकडे झाले. एटी अँड टी बाहेर पडली, टाटा आणि बिर्ला यांच्यात वाजलं, आणि २००६ मध्ये बिर्लांनी टाटांचा ४८.१४ टक्के हिस्सा ४,४०६ कोटी रुपयांना घेऊन टाकला. ज्या घरात मुलगी द्यायची होती ते घरच पाच वर्षांत फुटलं, तेव्हा लग्न मोडलं हे बरंच झालं म्हणायचं.

(आपल्याकडे या सगळ्याला लग्नाचीच भाषा का वापरतात, असा प्रश्न मला पडतो. सोयरीक, बोलणी, काडीमोड. खरं तर बहुतेक वेळा प्रकार कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याने शेजाऱ्याला वावर लिहून देण्याचा असतो. पण भाषा सवयीची आहे, मीही तीच वापरतो.)

दुसरी सोयरीक २००५ ची. हचिसन एस्सारला महाराष्ट्र, केरळ आणि तमिळनाडू हवं होतं, बीपीएल विकायला काढली होती, आणि एस्सारने ती घ्यायचं ठरवलं. तीन सर्कलचा व्यवहार पार पडला. ९८२३ हचकडे गेलं. बाबांच्या फोनवर नवं नाव आलं. मुंबईचं काय? मुंबईत हचकडे ९८२० आधीच होतं. एकाच सर्कलमधल्या दोन लायसन्समध्ये एकाच प्रवर्तकाचा १० टक्क्यांहून अधिक हिस्सा चालत नाही, असा नियम. शिवाय व्यवहार कायदेशीर वादात अडकला. म्हणजे बहीण नांदायला गेली आणि ९८२१ माहेरीच राहिली. मुंबईची बीपीएल खैतान कुटुंबाच्या ताब्यात आली आणि २००९ मध्ये तिचं नाव 'लूप मोबाइल' झालं. देशातल्या कंपन्या वीस-वीस सर्कलमध्ये पसरत असताना ही एक कंपनी एका शहरापुरती उरली.

याच काळात शेजारच्या ९८२० चं भाग्य उजळलं. मॅक्स टचचं २००० साली ऑरेंज झालं होतं, मग हच. हचिसनला भारतातून निघायचंय, ही कुजबुज २००६ च्या शेवटी सुरू झाली आणि रोज एक नवं नाव यायला लागलं: रिलायन्स, हिंदुजा, खुद्द एस्सार. फेब्रुवारी २००७ मध्ये ६७ टक्के हिस्सा व्होडाफोनने सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला. विकत काय घेतलं? केमन बेटांवरच्या एका कंपनीचे शेअर. मुंबईतला कुलाबा, परळ, अंधेरीचा प्रत्येक टॉवर विकला गेला, पण भारतात एकाही कागदावर विक्री झाली नाही. त्यावर कर लागतो की नाही हा वाद मुंबई उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१२ मध्ये निकाल व्होडाफोनच्या बाजूने लागला, आणि त्याच वर्षी सरकारने पूर्वलक्षी प्रभावाने कायदाच बदलला. ते प्रकरण एका वेगळ्या लेखाचं आहे.

त्या वर्षांतल्या अफवांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या ग्राहकासाठी नव्हत्याच. २००८ मध्ये भारती एअरटेल आणि दक्षिण आफ्रिकेची एमटीएन, मग अनिल अंबानींची आरकॉम आणि एमटीएन, मग २००९ मध्ये पुन्हा भारती आणि एमटीएन. महिनोन्‌महिने मथळे आले आणि तिन्ही वेळा काही झालं नाही. आरकॉमच्या वेळी तर थोरल्या भावाच्या कंपनीने आपला पहिला हक्क सांगितला आणि प्रकरण घरातच अडकलं. पण सांगलीतल्या एअरटेलवाल्याला किंवा साताऱ्यातल्या रिलायन्सवाल्याला याचं सुखदुःख काय? शेअर वर गेले, खाली आले. ग्राहक हलू शकतच नव्हता. कंपनी सोडायची तर नंबर सोडायचा, आणि नंबर सोडायचा म्हणजे दुकानाची पाटी, व्हिजिटिंग कार्डं, लग्नपत्रिकेवरचं 'संपर्क' हे सगळं बदलायचं. माणूस नंबराला बांधलेला, नंबर कंपनीला.

आणखी एक गंमत. कंपन्या बाजारात एकमेकींचे गळे धरत होत्या तेव्हा जमिनीवर त्यांचं विलीनीकरण झालेलं होतं. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांनी मिळून इंडस टॉवर्स काढली. टॉवर एक, जनरेटर एक, वॉचमन एक, वर अँटेना तिघांच्या. बाणेरच्या टेकडीवरून दिसणाऱ्या टॉवरकडे मी बघतो तेव्हा मला नेहमी वाटतं, की कोण कोणात विलीन होणार याची बातमी शोधायची तर मथळे बघण्यापेक्षा टॉवरचं भाडं कोण थकवतंय ते बघावं.

२० जानेवारी २०११ ला सगळं बदललं. त्या दिवशी देशभर नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. १९०० वर एक एसएमएस टाकायचा, कोड येतो, तो घेऊन दुसऱ्या कंपनीच्या दुकानात जायचं, काही दिवसांत तोच नंबर नव्या कंपनीवर. हे आतून कसं चालतं ते साधं आहे. पूर्वी नंबराचे पहिले आकडे बघून एक्स्चेंजला कळायचं, की कॉल कुठे पाठवायचा. आता ते आकडे भरवशाचे राहिले नाहीत, म्हणून प्रत्येक कॉलला एका यादीत बघावं लागतं, की हा नंबर सध्या कोणाकडे नांदतोय. देशाचे दोन झोन केले आणि या यादीची जबाबदारी दोन स्वतंत्र कंपन्यांना दिली. नंबराचं माहेर आणि सासर वेगळं झालं. अभियंत्याच्या नजरेने बघितलं तर डेटाबेसमधला एक जास्तीचा रकाना, एवढंच.

या रकान्याने अफवेला हात-पाय फुटले. कंपनी बुडणार किंवा कोणात तरी विलीन होणार, ही बातमी आता माणसाला काहीतरी करायला सांगायला लागली. माझ्या मामाचं डोंबिवलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शटरवर नंबर रंगवलेला, पंख्यांच्या मोटारींवर स्टिकर चिकटवलेलं, त्यावर तोच नंबर. सोसायटीच्या पंपावर दहा वर्षांपूर्वी लावलेलं स्टिकर बघून माणसं फोन करतात. मामाचं पोट त्या दहा आकड्यांवर आहे. त्याच्या कंपनीबद्दल कुजबुज सुरू झाली तेव्हा कंपनी खुलासे देत होती, की सगळं ठीक आहे. मामाने खुलासा वाचला नाही. रिचार्जवाला म्हणाला, "कंपनीचा माणूस डिपॉझिटचं विचारलं की फोन उचलत नाही," आणि मामाने त्याच आठवड्यात पोर्ट केलं. कंपनीचं नाव सांगण्यात मतलब नाही. पुढे काय झालं तेही इथे महत्त्वाचं नाही. मला त्यात दिसलं ते हे, की मामाने बातमीतला तपशील तपासलाच नाही. कोण घेणार, कितीला घेणार, कधी घेणार, यात त्याला रस नव्हता. कंपनीचे पाय लटपटतायत एवढंच त्याने अफवेतून उचललं. आणि मी वाचलेल्या शेकडो वावड्यांचा ताळाही तोच सांगतो. नवरदेवाचं नाव बहुतेकदा चुकीचं निघालं, तारीख आणि रक्कम तर हमखास चुकली, पण कोणाच्या घरात अडचण आहे हे क्वचितच चुकलं.

याचा उलट परिणामही आहे, आणि तो क्रूर आहे. बँक बुडणार अशी हूल उठली की लोक पैसे काढायला रांग लावतात आणि धडधाकट बँकसुद्धा बुडू शकते. पोर्टेबिलिटीनंतर मोबाइल कंपनीचं तेच झालं. कुजबुज सुरू झाली की आधी चांगले ग्राहक जातात, म्हणजे महिन्याला जास्त बिल भरणारे, कारण त्यांना पलीकडच्या दुकानात पायघड्या असतात. मग उत्पन्न घटतं, टॉवरचं भाडं थकतं, नेटवर्क तुटायला लागतं, आणि अफवा खरी ठरते.

या जगात ९८२१ ची तिसरी सोयरीक आली. लूपची लायसन्स नोव्हेंबर २०१४ मध्ये संपणार होती. वीस वर्षांची मुदत, १९९४ पासूनची. स्पेक्ट्रम पुन्हा हवा तर लिलावात बोली लावून घ्यायचा. फेब्रुवारी २०१४ च्या लिलावात मुंबईतल्या ९०० मेगाहर्ट्‌झसाठी मोठ्या कंपन्या उतरल्या. लूपला तो परत मिळाला नाही. त्यात लूप टेलिकॉम या तिच्या भगिनी कंपनीची २१ लायसन्स २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेल्या १२२ लायसन्समध्ये गेली होती. म्हणजे घर होतं, पण खालची जमीन नोव्हेंबरमध्ये जाणार होती. त्याच महिन्यात एअरटेलने जाहीर केलं, की आम्ही लूपचे सुमारे ३० लाख ग्राहक घेतोय. ७०० कोटी रुपयांचा आकडा तेव्हाच्या बातम्यांत होता.

या वेळी ती वावडी नव्हती. दोन्ही कंपन्यांची सही होती, शेअर बाजाराला पत्र गेलं होतं. ९८२१ वाल्याने निश्चिंत राहायचं सबळ कारण होतं: काही करायची गरज नाही, आपण आपोआप एअरटेलचे होणार. उलट अफवा अशी, की हे काही होत नाही, सरकारची परवानगी येणार नाही. महिने गेले. परवानगी आली नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला करार रद्द झाला आणि लायसन्स संपायला उरले तीन-साडेतीन आठवडे. ज्यांनी अधिकृत घोषणेवर विश्वास ठेवला ते शेवटच्या रांगेत उभे राहिले. अफवेवर विश्वास ठेवणारे केव्हाच पोर्ट करून घरी गेले होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपण अफवा पसरवणाऱ्यांसाठी वापरतो. इथे तुरी जाहीर करणारे सही-शिक्क्याचे होते.

नोव्हेंबरच्या अखेरीस बीपीएलचं मुंबईतलं नेटवर्क बंद झालं. १९९५ पासून चाललेलं, देशातल्या सगळ्यात पहिल्या मोबाइल नेटवर्कांपैकी एक. मला कधी कधी त्या शेवटच्या रात्री ड्यूटीवर असलेल्या अभियंत्याचा विचार येतो. नेटवर्क बंद करणं हे बटण दाबण्याइतकं सोपं नसतं. एकेक साइट बंद होत जाते आणि नकाशावरचे हिरवे ठिपके लाल होतात. लाल ठिपका दिसला की धावायची वर्षानुवर्षांची सवय असलेल्या माणसाला त्या रात्री नुसतं बघत बसायचं असतं.

पुढचा काळ तुमच्या आठवणीतला आहे, त्यामुळे भरभर जातो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. आधी फुकट, मग जवळजवळ फुकट. त्याच महिन्यात आरकॉम आणि एअरसेल यांनी विलीनीकरण जाहीर केलं, वर्षभराने, १ ऑक्टोबर २०१७ ला, ते मोडल्याचं सांगितलं. त्या वर्षाच्या अखेरीस आरकॉमने आपली २जी मोबाइल सेवा गुंडाळली. एअरसेलने जानेवारी २०१८ च्या शेवटी महाराष्ट्रासह सहा सर्कलमधून काढता पाय घेतला आणि महिन्याभरात दिवाळखोरीचा अर्ज केला. टाटांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये आपला मोबाइल व्यवसाय एअरटेलला जवळजवळ असाच देऊन टाकला. ४ कोटींहून अधिक ग्राहक होते. २००९ मध्ये ज्या टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा लावून सगळ्यांना घाम फोडला होता, तीच ही कंपनी.

आणि व्होडाफोन-आयडिया. ९८२०, ९८२२ आणि ९८२३ या तीन शेजाऱ्यांचं एकत्र कुटुंब. (९८२१ तेवढं राहिलं.) ३० जानेवारी २०१७ ला व्होडाफोनने कबूल केलं, की हो, बोलणी चालू आहेत. त्या एका दिवसात आयडियाचा शेअर २५ टक्क्यांहून जास्त वाढला. २० मार्चला रीतसर घोषणा झाली, आणि त्या दिवशी तो जवळपास १० टक्क्यांनी पडला. लग्न प्रत्यक्ष लागलं ३१ ऑगस्ट २०१८ ला. स्पर्धा आयोग, न्यायाधिकरण, दूरसंचार विभाग, प्रत्येकाचा शिक्का हवा. दूरसंचार विभागाने थकबाकी आणि बँक गॅरंटी मिळून ७ हजार कोटींच्या वर मागितले तेव्हा कुठे अक्षता पडल्या. या सतरा महिन्यांत बाजार थांबला नव्हता. एकत्र आले तेव्हा दोघांचे मिळून ४० कोटींच्या वर ग्राहक होते. पुढच्या काही वर्षांत ते निम्म्यावर आले. याला कर्ज कारण आहे, जिओ कारण आहे, २०१९ चा एजीआरचा निकाल तर नक्कीच आहे. पण 'ही कंपनी टिकेल का' हा प्रश्न रोज सकाळी विचारला जात होता, यानेही किती ग्राहक गेले याचा हिशेब कुठल्याच ताळेबंदात नाही.

विलीनीकरण आतून कसं दिसतं हे मी थोडं बघितलं आहे. आमचा क्लायंट परदेशातली एक मोबाइल कंपनी. नाव सांगायला करारानेच बंदी. एके दिवशी कामाच्या यादीत एक साधी नोंद आली: ग्राहकाच्या क्रमांकाचा रकाना दहाऐवजी चौदा अक्षरांचा करा. कारण दिलेलं नव्हतं. आमच्या टीममधली एक सीनियर बाई, वीस वर्षं या धंद्यात, ती नोंद बघून म्हणाली, "चौदा अक्षरं त्यांच्या शेजारच्या कंपनीत असतात. हे दोघं एक होतायत." बातमी आली चार महिन्यांनी. मग दोन वर्षं आम्ही एकच माणूस दोन्ही याद्यांत वेगवेगळ्या स्पेलिंगने कसा ओळखायचा यावर डोकं फोडलं. अशा बातम्या फुटतात कुठून, असं लोक विचारतात. माझा अंदाज आहे, की बड्या लोकांच्या जेवणावळींपेक्षा रकान्याची लांबी वाढवणाऱ्या माणसांकडून जास्त फुटत असाव्यात.

जून २०२४ पासून सेबीने नियम केला आहे. पहिल्या शंभर नोंदणीकृत कंपन्यांबद्दल अशी बातमी आली आणि शेअरचा भाव लक्षणीय हलला, तर २४ तासांत खरं की खोटं ते सांगायचं. डिसेंबरपासून तो अडीचशे कंपन्यांना लागू झाला. 'आम्ही बाजारातल्या तर्कवितर्कांवर बोलत नाही' या छापाचं पत्र त्यानंतर पुरेसं नाही. नियम चांगला आहे. फक्त त्याची कळ शेअरच्या भावाला जोडलेली आहे. भाव न हलता दहा लाख माणसं पोर्ट करून गेली तर कोणी कोणाला काही विचारणार नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अजून २००८ ची अफवा आहे, भागधारकाला हलवणारी. डोंबिवलीतल्या मामाला कोणी २४ तासांत उत्तर द्यायला बांधील नाही.

सध्याची वावडी तुम्हाला ठाऊक आहेच: व्ही आणि बीएसएनएल. २०२१ च्या जूनमध्ये कुमारमंगलम बिर्लांनी आपला हिस्सा सरकारला किंवा सरकार सांगेल त्याला द्यायची तयारी पत्राने कळवली, ऑगस्टमध्ये ते पत्र बाहेर आलं, आणि तेव्हापासून ती थांबलेली नाही. पुढे थकबाकीच्या बदल्यात सरकारनेच शेअर घेतले: २०२३ मध्ये सुमारे ३३ टक्के, २०२५ मध्ये ते ४९ टक्क्यांच्या जवळ गेले. त्याच्या वर जाणार नाही, असं सरकार म्हणतं. बीएसएनएल आणि एमटीएनएल या सरकारच्याच दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली होती, आणि एमटीएनएलच्या कर्जापायी ते रीतसर कधी झालंच नाही. मुंबईच्या 'डॉल्फिन'ला बीएसएनएलच्या पाण्यात सोडायला इतकी वर्षं लागत असतील, तर या तिसऱ्या कुटुंबाच्या गोष्टी कशाला करायच्या, असं मला वाटतं. बाबांना नाही वाटत. परवा फोनवर म्हणाले, "हचवाला म्हणत होता, सरकारी होणार म्हणून. बघ रे जरा." मी सांगितलं, की तसं काही नाही. "तू इंजिनिअर," ते म्हणाले, "तो दुकानदार आहे," आणि विषय बदलला. अजून त्यांनी पोर्ट केलेलं नाही.

प्रत्येक सिममध्ये एक ओळख असते, आपल्याला न दिसणारी. भारतातल्या सिमची ४०४ किंवा ४०५ ने सुरू होते, पुढचे आकडे लायसन्सचे. मुंबईच्या मॅक्स टचचा कोड ४०४-२०. तो ऑरेंज, हच, व्होडाफोन करत आज व्हीकडे आहे. बिर्ला एटी अँड टीचा महाराष्ट्रातला ४०४-२२, तोही तिथेच. ९८२३ वाल्या बीपीएलचा ४०४-२७, तोही. जगभरच्या फोनमध्ये या कोडांची एक यादी असते, परदेशात उतरल्यावर फोन त्यावरूनच नाव दाखवतो. जुन्या फोनमधली ही यादी कोणी दुरुस्त करत नाही. कपाटातला माझा पहिला हँडसेट चार्ज करून मी त्यातली यादी उघडली होती. ४०४-२१ समोर अजून बीपीएल मोबाइल लिहिलेलं आहे. या कोडवर आता काही प्रसारित होत नाही. ९८२१ ने सुरू होणारे नंबर मात्र मुंबईत अजून लागतात, चारही कंपन्यांवर विखुरलेले.